बाराचं वाचन

१

वेन्डेल कूलमनच्या दुकानात गाडी आली की आधी चिकटपट्टी निघायची आणि मग स्क्रू ड्रायव्हर. बॅटरीची वायर सोडली की जुना स्टिरिओ सगळं विसरतो. म्हणून तो सहाही बटणं दाबून पाहायचा, कुठल्या बटणावर कुठलं स्टेशन आहे ते पट्टीवर लिहायचा आणि पट्टी स्टिअरिंगला चिकटवायचा. मग बॅटरी सोडायची, डॅशबोर्डची चौकट प्लास्टिकच्या पट्टीनं उचकटायची, चार स्क्रू काढायचे, मागच्या वायरींचा झुपका आणि अँटेनाची वायर ओढायची, की स्टिरिओ हातात. काम झाल्यावर जुना स्टिरिओ खोक्यात घालून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवायचा. आकाशातून दीडशे स्टेशनं येणार असताना त्या सहा बटणांची यादी कशाला, असं लोक हसून विचारायचे. "नवीन घरात गेलं तरी जुना पत्ता पाठ असावा," वेन्डेल सांगायचा. हे वाक्य खरं त्याच्या बायकोचं होतं.

नेब्रास्काच्या पश्चिमेकडच्या त्या मुलखात हार्लो गावापासून कुठल्याही दिशेला तासभर गाडी हाकली की रेडिओवर नुसती खरखर उरायची. त्यामुळे सॅटेलाइट रेडिओ बसवून घ्यायला लोक रांग लावायचे. अर्डिथ व्होगेल मात्र त्या रांगेत कधी दिसली नव्हती. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी ती आपला जुना पिकअप घेऊन आली आणि किल्ली टेबलावर आपटून म्हणाली, "हा काढ आणि तो आकाशातला बसव."

"अर्डिथबाई, तुम्ही? गाणी ऐकायला वर्गणी भरणारा माणूस गाढव असतो म्हणायचात ना?"

"झाले गाढव. चौऱ्याहत्तर वर्षं घोडी होते, पुष्कळ झालं."

"ठीक आहे. जुना खोक्यात घालून सीटवर ठेवतो."

"माझ्या गाडीत ठेवू नकोस. तुझ्याकडेच राहू दे."

तीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. लोक बंद पडलेले स्टिरिओसुद्धा घेऊन जायचे आणि गोठ्यात खिळ्याला टांगायचे. वेन्डेलनं विचारलं, "बिघडलाय का?"

"नाही." अर्डिथनं हातमोजे चढवले, काढले, पुन्हा चढवले. "दुपारी खाकरतो."

"खाकरतो?"

"मी बहिणीकडे आहे शुक्रवारपर्यंत. घाई करू नकोस," असं म्हणून ती चालत निघाली. दाराबाहेर पडताना तिनं वळून पाहिलं ते मात्र पिकअपकडे नाही, वेन्डेलकडे.

२

लाव्हॉन, वेन्डेलची बायको, सव्वीस वर्षं हार्लोच्या रेडिओ स्टेशनवर मयताच्या बातम्या वाचायची. धान्याचे भाव संपले की ठीक बाराला. नाव, वय, कुठलं चर्च, किती वाजता, आणि शेवटी "नंतर तळघरात जेवण आहे." घरच्यांनी अकराच्या आत चिठ्ठी लिहून स्टेशनच्या दाराच्या फटीतून आत टाकायची, एवढाच नियम. सुरुवातीला ती किती चिठ्ठ्या आहेत ते सांगायची. "आज एक." "आज तीन." आणि प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचायची, कारण पेन्सिल सापडेपर्यंत एक वाचन होऊन जातं. सगळा तालुका याला 'बाराचं वाचन' म्हणायचा. त्या वेळी बायका नळ बंद करायच्या, शेतातली यंत्रं थांबायची. ज्याचं नाव वाचलं जाई त्याच्यासाठी चर्चची बाकं कमी पडत. वीस वर्षं बांधावरून भांडलेला शेजारीसुद्धा मयताच्या जेवणासाठी जेलीचं भांडं हातात घेऊन चर्चच्या तळघराच्या पायऱ्या उतरायचा.

मग सॅटेलाइट रेडिओ आला, आणि वेन्डेलनं तो तालुकाभर बसवला. पिकअपमध्ये, ट्रॅक्टरमध्ये, कापणीच्या यंत्रांत, पाद्रीबुवांच्या गाडीतसुद्धा. लाव्हॉन यावरून कधी भांडली नाही. रात्री जेवताना विचारायची, "आज किती जणांना बहिरं केलंस?" तो आकडा सांगायचा आणि दोघं हसायचे. हसताना ती आधी थांबायची हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

ऐकणारे उरले नाहीत तसं एका वसंतात स्टेशन बंद पडलं. पुढच्या जानेवारीत, गुरुवारी रात्री, लाव्हॉन भांडी विसळता विसळता खाली बसली ती उठली नाही. गावचं साप्ताहिक गुरुवारी सकाळीच निघून गेलेलं होतं. वेन्डेलनं सवयीनं चिठ्ठी लिहिली, अगदी तिच्या शब्दांत, आणि शुक्रवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना तो बर्फातून चालत बंद स्टेशनच्या दारापाशी गेला. दाराला कुलूप होतं, पण फट होती तशीच होती. आत टाकून वाचणार कोण, असं मनाशी म्हणून त्यानं चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. शनिवारी साडेदहाला टेकडीवरच्या लुथरन चर्चमध्ये अकरा माणसं आली. जिनं चार हजार माणसांची नावं वाचली, तिच्यामागे अकरा माणसं. तळघरात सँडविचचे थाळे झाकलेलेच राहिले.

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली होती. चिठ्ठी अजून पाकिटातच होती.

३

त्या मंगळवारी वेन्डेलनं अर्डिथच्या पिकअपमध्ये बसून किल्ली फिरवली आणि पट्टीवर लिहायला घेतलं. सहाव्या बटणावर प्रवचनं, पाचव्यावर जुनी गाणी, चौथ्यावर गुरांचे भाव. असं करत तो पहिल्या बटणाशी आला. तिथे हार्लोच्या स्टेशनचा आकडा होता. म्हातारीनं तो बदलला नव्हता. बंद स्टेशनवर लागते तशी खरखर लागली आणि वेन्डेलला उगाच बरं वाटलं. बाराला दोन मिनिटं होती. त्यानं डबा उघडला आणि तिथेच बसून खायला लागला.

बाराला खरखर थांबली.

आवाज गेला असं नाही. बंद पडलेला रेडिओ आणि बोलायच्या आधी गप्प असलेला माणूस यांची शांतता वेगळी असते, हे तीस वर्षं स्पीकर बसवणाऱ्याला सांगावं लागत नाही. कुठेतरी एक लहान खोली होती आणि तिच्यातला माइक चालू होता. कागद सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी हलकेच खाकरलं, पेपरमिंटची गोळी जिभेनं एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली, नाकानं श्वास घेतला.

"आज दोन," लाव्हॉन म्हणाली.

आणि पुढे काहीच नाही. श्वास फक्त. वेन्डेलच्या तोंडातला घास तसाच होता. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा माइकचं बटण बंद केल्याचा टक आवाज आला आणि खरखर परत आली.

तो संध्याकाळपर्यंत कारणं शोधत राहिला. कुणाकडे तरी जुन्या फिती असतील, कुणीतरी वाजवत असेल. पण कशावरून वाजवणार? स्टेशनचा मनोरा भंगारवाल्यानं कापून नेताना त्यानं स्वतः उभं राहून पाहिलं होतं. लांबचं एखादं स्टेशन भरकटून आलं असेल. पण तसं रात्री होतं, भर दुपारी होत नाही. शिवाय लाव्हॉन आकडा सांगून कधी थांबली नव्हती. सव्वीस वर्षांत एकदाही नाही.

४

बुधवारी बाराच्या आधी त्यानं पिकअपची अँटेनाची काठी हातानं पिळून काढून ठेवली. पाच बटणांवर नुसता फुसफुसाट आला. पहिल्या बटणावर खोली होती.

"आज दोन."

त्यानं आवाज बारीक केला. श्वास बारीक झाला नाही. मग एक नवीन आवाज सुरू झाला. टेबलावर अंगठी आपटायची, टक, टक, टक. चिठ्ठी सापडली नाही की ती असंच करायची. घरी किराण्याची यादी हरवली तरी करायची. कुणी पळापळ करून यादी आणून देईपर्यंत ती अंगठी थांबायची नाही. पाच मिनिटं ती आपटत राहिली, शेवटी शेवटी जोरात, आणि वेन्डेल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून राहिला. त्याला भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त वाटत होतं ते हे, की टक वाजून ती जाऊ नये.

त्या रात्री त्यानं एक गोष्ट ठरवली आणि ती ठरवल्याची त्याला लाजही वाटली. अर्डिथबाईंना जुना स्टिरिओ नको होता. मग तो आपल्याकडे राहील. टेबलावर जोडून ठेवायचा. रोज बाराला डबा उघडायचा आणि बायकोचा श्वास ऐकत जेवायचं. ती अडलेली आहे, काहीतरी मागते आहे, हे त्याला कळत होतं. काय मागते आहे तेही कळत होतं. ते दिलं तर ती थांबेल कशाला, हेही कळत होतं. माणूस एकटा पडला की असा स्वार्थी होतो.

५

गुरुवारी अकराला त्यानं पट्टी पूर्ण केली, बॅटरी सोडली, चौकट उचकटली, चार स्क्रू काढले आणि स्टिरिओ बाहेर घेतला. तो दुकानातल्या टेबलावर नेऊन वीज आणि स्पीकर जोडले, पहिलं बटण पुन्हा त्या आकड्यावर लावलं आणि खुर्ची ओढून बसला.

बारा वाजले. टेबलावरचा स्टिरिओ खरखरत राहिला. बारा वाजून एक मिनिट झालं तरी खरखर.

"आज दोन," मागून आवाज आला.

वेन्डेल वळला. पिकअपचं दार उघडं होतं. त्याची बॅटरी सुटलेली, वायरी लोंबत असलेल्या, आणि डॅशबोर्डच्या मधोमध चौकोनी भोक. आवाज तिथून येत होता. टक, टक, टक.

तो गेला, कारण न जाऊन करणार काय. सीटवर गुडघे टेकून त्यानं भोकासमोर चेहरा आणला. आतून गार हवा आली आणि हवेला जुन्या गालिच्याचा, कॉफीचा आणि पेपरमिंटचा वास होता. डॅशबोर्डच्या मागे काय असतं ते वेन्डेलला झोपेतही सांगता आलं असतं. हवेचा नळा, वायरींची वेणी, मग इंजिनाच्या अलीकडचा पत्रा. वीतभराचं अंतर. त्यानं विजेरी लावली. उजेड वीतभर गेला, मग हातभर, मग गेला तो कशाला लागलाच नाही. म्हणून त्यानं विजेरी विझवली.

तेव्हा लांबवर, खूप खाली, एक टेबलदिवा दिसला. दिव्याखाली टेबलाचा तुकडा आणि त्यावर एक हात, मनगटापर्यंत. राखाडी स्वेटरची बाही होती आणि बाहीला तपकिरी डाग होता. तिनं एकदा दुकानात डबा आणला तेव्हा वेन्डेलच्याच हातून तापलेली डाखणी तिथे लागली होती. त्याच स्वेटरमध्ये त्यानं तिला पुरलं होतं. हाताच्या एका बाजूला एक चिठ्ठी पालथी ठेवलेली होती. दुसऱ्या बाजूला टेबल रिकामं होतं, आणि अंगठी त्या रिकाम्या जागेवर आपटत होती.

वेन्डेलला रडू फुटलं. हा हात चार हजार माणसांसाठी कधी अडला नाही, आणि आता अडला होता तो आपल्या एका चिठ्ठीसाठी. बारा वाजून तीन मिनिटं झाली होती. उद्या पुन्हा अशीच बसेल, परवाही बसेल. त्यानं पाकीट काढलं. घडीवर चिठ्ठी फाटायला आली होती.

"लाव्हॉन कूलमन," तो भोकात वाचू लागला. थांबून खाकरला. "लाव्हॉन कूलमन. वय एकोणसाठ. शनिवारी सकाळी साडेदहाला, टेकडीवरच्या लुथरन चर्चमध्ये. नंतर तळघरात जेवण आहे."

अंगठी थांबली. हात जरा वेळ रिकाम्या जागेवर पडून राहिला. मग लाव्हॉननं श्वास घेतला आणि ती वाचू लागली, कारण दुसरं वाचन तिचं होतं.

"लाव्हॉन कूलमन. वय एकोणसाठ. शनिवारी सकाळी साडेदहाला." इतर कुणाचंही नाव वाचावं तसंच तिनं ते वाचलं, ना हळू ना घाईनं. "टेकडीवरच्या लुथरन चर्चमध्ये. नंतर तळघरात जेवण आहे."

वेन्डेल टक ऐकायची वाट पाहत होता. टक झालं नाही. लाव्हॉनचा हात पालथ्या चिठ्ठीकडे गेला आणि तिनं ती सरळ केली.

आज दोन, हे तो तीन दिवस ऐकत होता, आणि दुसरं कुणाचं असेल हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आता आलं. लाव्हॉननं श्वास घेतला, आणि वेन्डेलनं सीटवर ठेवलेला नवीन सॅटेलाइट सेट उचलून भोकात कोंबला. वायरी रंगाला रंग न बघता आत ढकलल्या, छातीनं सेट दाबून धरला आणि चारही स्क्रू पिळले. मागून काहीतरी ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. तो मोठमोठ्यानं स्क्रू मोजत होता, एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक.

मग त्याला टक ऐकू आलं.

६

दुपारभर त्यानं सेट परत काढून वायरी नीट जोडल्या. भोकात वीतभर अंतरावर पत्रा होता. अँटेनाचा चुंबक छपरावर चिकटवला, गाडी अंगणात दक्षिणेच्या मोकळ्या आकाशाकडे तोंड करून लावली आणि सेट चालू होण्याची वाट पाहिली. दहा मिनिटांत गाणी लागली.

शुक्रवारी अर्डिथ आली. सेटकडे तिनं बघितलंही नाही.

"ऐकलंस?" तिनं विचारलं.

"हो."

"मला जवळ पडेल असं दुकान दुसरं आहे, वेन्डेल. पण म्हटलं तू ऐकायला हवंस." तिनं किल्ली घेतली. "ती गेली ते मला मार्चमध्ये कळलं. माझ्या नवऱ्याचं तिनं वाचलं होतं, दोनशे माणसं आली होती. आणि मी तिच्यासाठी साधी जेली केली नाही. मला कुणी सांगितलंच नाही रे."

"मीच सांगायचं होतं," वेन्डेल म्हणाला.

अर्डिथनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तो नको तितका वेळ तिथेच राहू दिला.

७

शनिवारी सकाळी तो टेकडीवर गेला. चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणून जायचं, दोन मिनिटं कबरीपाशी उभं राहायचं आणि यायचं, एवढंच मनात होतं. वळणावरून त्याला चर्च दिसलं आणि त्यानं गाडी थांबवली.

अंगण पिकअपनी भरलं होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना, पार पुलापर्यंत गाड्या लागल्या होत्या. ऐन कापणीत, जेव्हा लोक स्वतःच्या लग्नाचा वाढदिवसही पुढे ढकलतात, तेव्हा सगळा तालुका चांगले कपडे घालून टेकडीवर आला होता. त्यातल्या बहुतेक गाड्यांच्या छपरावर काडेपेटीएवढा काळा चुंबक होता. तो वेन्डेलनंच चिकटवलेला होता.

बाकं कमी पडली. पाद्रीबुवांनी कुणालाही काही न विचारता प्रार्थना म्हटली. नंतर तळघरात गाजराचा किस घातलेल्या हिरव्या जेलीची नऊ भांडी वेन्डेलनं मोजली. कॉफीच्या पिंपाशी गस श्मिटनं त्याला गाठलं.

"गुरुवारी कापणीच्या यंत्रात बसलो होतो," गस म्हणाला. "गाणं चालू होतं, ते थांबलं. मी यंत्र बंद केलं, टोपी काढली आणि ऐकलं. पेन्सिल नव्हती, म्हणून काचेवरच्या धुळीत लिहून घेतलं." त्यानं वेन्डेलचा हात हातात घेतला. गस श्मिट हा कुणाचा हात हातात घेणारा माणूस नव्हता.

मग वेन्डेलच्या लक्षात आलं की सगळेच तसं करत होते. बायका त्याची कॉलर सारखी करत होत्या. पुरुष खांद्यावर हात ठेवून पुढे सरकत. दुःखात असलेल्या माणसाशी लोक कसं वागतात ते त्यानं पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. लांबच्या गावाला निघालेल्या माणसाशी वागावं तसं होतं.

अर्डिथ कोपऱ्यातल्या टेबलाशी थाळे लावत होती. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"अर्डिथबाई, तुम्ही कुठे होतात गुरुवारी?"

"बहिणीच्या गाडीत. तुझ्याच हातचा सेट आहे."

"सगळं ऐकलंत?"

"दोन्ही ऐकली. दोन-दोनदा."

"मी एकच ऐकलं," वेन्डेल म्हणाला. "दुसरं कुणाचं होतं?"

अर्डिथनं त्याच्या बशीत हॅमचं एक सँडविच ठेवलं. मग आणखी एक ठेवलं.

"आधी खाऊन घे."

"वार तरी सांगा."

तिनं टेबलावरचे चुरे एका हातानं दुसऱ्या हातात गोळा केले, आणि ते टाकायला जागा नाही हे लक्षात येऊन तसेच मुठीत धरून ठेवले.

"आम्ही सगळे येणार आहोत, वेन्डेल," ती म्हणाली. "बाकं पुरणार नाहीत."

वेन्डेलनं मान हलवली. त्यानं सँडविच उचललं आणि सावकाश खाल्लं. चांगलं झालं होतं.